पोट्टीसाठी काडतुसांचं सामान

आमचे सर कुणाकडे जेवायला गेले की पानावर बसायच्या आधी त्या घरातला वजनकाटा मागायचे. तोच, बाथरूमच्या कोपऱ्यात ढकललेला, ज्याच्यावर दिवाळीनंतर महिनाभर कुणी पाय ठेवत नाही. काटा दिवाणखान्यात यायचा. मग सर पाण्याची एक मोठी सीलबंद बाटली मागायचे, ती काट्यावर ठेवायचे, उचलायचे, काटा फिरवून पुन्हा ठेवायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून निकाल द्यायचे, "वहिनी, हा तुमच्यासोबत बेइमानी करून राहिला." यजमानीण खूश व्हायची की हिरमुसायची, ते काटा कुठल्या बाजूला बेइमान आहे त्यावर अवलंबून.

दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या फ्लॅटवर ते पहिल्यांदा आले तेव्हा आमचा काटा चांगला जास्त दाखवत असल्याचं सिद्ध झालं. माझं वजन एका संध्याकाळीत, श्रीखंडाच्या दोन वाट्या खाऊनही, उतरलं. त्या दिवसापासून मी सरांची भक्त झाले. नवरा म्हणाला, भक्ती समजू शकतो, पण पुढच्या वेळी आपण यांना बाहेर जेवायला नेऊ.

सर म्हणजे शाळेतले नव्हेत. दोह्यात सनैयाला, म्हणजे गॅरेजं, गोदामं आणि वर्कशॉपांच्या त्या धुळकट भागात, आमची कॅलिब्रेशनची लॅब होती. सर तिचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची इंजिनियर, नाशिकहून नवऱ्याच्या मागोमाग आलेली. आमचं काम सांगायला सोपं आहे. लोक ज्यानं मोजतात, ते आम्ही मोजतो. गॅस प्लांटमधले प्रेशर गेज, थर्मामीटर, सराफांचे काटे, सगळे आमच्याकडे यायचे आणि खरे की खोटे याचा दाखला घेऊन परत जायचे.

सर मूळचे नागपूरचे. इथे येण्याआधी तिकडच्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात होते, मोजमापाच्या विभागात. तरुणपणी त्यांनी दिवसचे दिवस काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मोजल्या होत्या. लांबी, तोंड, बूड, भिंतीची जाडी. बंदूक मात्र आयुष्यात एकदाही चालवली नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाले, "कायले? तिथं नुसता आवाज असते."

अंगानं काडी, शर्ट कायम पूर्ण बाह्यांचा आणि खिशात पेनाच्या जोडीला एक चिमटा. प्रमाणित वजनांना हात लावायचा नाही, बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त. सरांनी ती घरीदारी नेली होती. चहातली साखरेची वडी चिमट्यानं. चिवड्यातला काजू चिमट्यानं. एकदा माझ्या ओढणीवर बसलेला किडा त्यांनी चिमट्यानं उचलून, खिडकी उघडून, बाहेर सोडला होता, आणि मग चिमटा स्पिरिटनं पुसला होता.

लॅबमध्ये कुणी "सर, बरोबर वाटतंय" म्हणालं की ते हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. "वाटते का, ते नाही विचारून राहिलो मी. मोजलं का?" आम्ही घाबरून मोजायचो. आणि मग तो त्यांचा चेकचा नियम. सकाळी काम सुरू करायच्या आधी एक माहितीचं वजन काट्यावर ठेवायचं आणि काटा खरं बोलतोय ना ते बघायचं. संध्याकाळी काम संपवताना तेच वजन पुन्हा ठेवायचं. संध्याकाळी काटा चुकला तर सकाळपासून त्याच्यावर केलेलं सगळं काम बाद. कारण काटा नेमका कधी बिघडला हे कुणालाच ठाऊक नसतं. हा नियम सगळ्याच लॅबमध्ये असतो. पण बाद करताना इतरांची तोंडं आंबट होतात. सरांचा चेहरा फुलायचा. गुरुवारी संध्याकाळी, पुढे दोन दिवस सुट्टी, सगळे बॅगा उचलून तयार, आणि सर केबिनमधून हात चोळत बाहेर यायचे, "चला बाप्पा, पुन्हा करू."

त्यांना एकच मुलगी. घरात तिला सगळे पोट्टी म्हणायचे, विदर्भात मुलीला लाडानं म्हणतात तसं, आणि ती अमेरिकेत इंजिनियर झाली तरी ती पोट्टीच होती. वाढली दोह्यात, इंग्रजी शाळेत. तिच्या आयुष्यातली प्रत्येक वस्तू सरांनी निवडलेली होती. दप्तर घ्यायचं तर दुकानात त्याच्या पट्ट्याला तांदळाच्या पिशव्या टांगून बघितल्या होत्या. बॅडमिंटनची रॅकेट, गादी, सायकल, पुढे नागपूरचं कॉलेजसुद्धा त्यांनीच निवडलं. त्या कॉलेजची फी भरायच्या आठवड्यात पोट्टीनं सांगितलं की तिनं अमेरिकेत अर्ज केला होता, मान्य झाला आहे आणि ती जाणार आहे. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या. त्यानंतर बापलेक दर शनिवारी फोनवर बोलत, पण फक्त तापमान. तिकडे उणे किती, इकडे अधिक किती. दोघंही आकडा दशांशात सांगायचे आणि फोन काकूंकडे द्यायचे.

आणि मग ऑगस्टमधल्या एका रविवारी सर लॅबमध्ये आले ते सकाळचं वजन न ठेवताच. मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. मला वाटलं, नोकरी गेली. कुणाची ते समजेना.

"पोट्टीचा फोन आला होता," सर म्हणाले. "तिले काडतुसं भरायचं सामान घ्यायचं आहे. म्हणते, बाबा, तुम्ही निवडून द्या."

पोट्टी डेन्व्हरजवळ एका नेमबाजीच्या क्लबात जायला लागली होती. फार लांबच्या कागदी निशाणावर नेम धरायचा, एवढाच तो खेळ. त्यात पुढे जायचं तर विकतची काडतुसं पुरत नाहीत, प्रत्येकात केसभर फरक असतो. म्हणून तिथले लोक उडवलेली पितळी पुंगळी जपून ठेवतात आणि घरच्या टेबलावर पुन्हा भरतात. पुंगळी दाबून मूळ मापात आणायची, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मोजून पावडर घालायची, वर नवी गोळी बसवायची. तिकडे ते कायदेशीर आहे आणि सामान दुकानात मिळतं. पोट्टीनं क्लबातल्या एका जुन्या बाईंकडे शिकायला सुरुवातही केली होती.

"पण अट घातली तिनं," सर म्हणाले. "बाबा, ओन्ली द इक्विपमेंट. एकदा सामान आलं की मग मी आणि माझं टेबल. तुम्ही मध्ये बोलायचं नाही." त्यांनी चिमटा खिशातून काढला, पुन्हा ठेवला. "एक चान्स भेटला मले, बाई. आणि हे दप्तर नाही. इथं चुकलं तर तिची बोटं आहेत, डोळे आहेत."

मला बंदुकीची भीती वाटते. दिवाळीतल्या टिकल्यांचीसुद्धा वाटायची. पण त्या सकाळी सरांचा चेहरा बघून मी असल्या उत्साहात आले की दुपारच्या सुट्टीपर्यंत मला प्रेस, डाय, ट्रिमर असले शब्द तोंडपाठ झाले होते. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "आपण कतारमध्ये राहतो," तो म्हणाला. "तुम्ही दोघं आत जाल आणि जाताना माझंही नाव सांगाल."

सरांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं. "या देशात आपण नोकरीले आलो. इथं एक रिकामी पुंगळीसुद्धा दारात यायची नाही. खलास." म्हणजे पुढचे कित्येक महिने एक माणूस अशा सामानाची निवड करणार होता ज्याला तो कधी हात लावणार नव्हता. त्यानं त्यांचा आनंद दुणावलाच.

पहिली वस्तू त्यांनी निवडली ती चष्मा. मला वाटलं होतं सुरुवात यंत्रापासून होईल. सरांनी तिच्याकडून कानापासून कानापर्यंतचं माप मागवलं, नाकाच्या उंचीचं मागवलं, आणि डोळे बाजूनंही झाकणारा चष्मा निवडायला पूर्ण पंधरवडा घेतला. पोट्टीनं एकदा विचारलं, "बाबा, आर वी एव्हर गोइंग टू रीच द प्रेस?" सर म्हणाले, "इन्शाल्ला."

प्रेसपर्यंत आम्ही पोहोचलो आणि भांडण झालं. प्रेस म्हणजे दांड्याचं ते मुख्य यंत्र, दोन जातींचं. साध्या जातीत दांडा एकदा ओढला की एक काम होतं. सगळ्या पुंगळ्यांना ते एक काम करून घ्यायचं, मग साचा बदलायचा, मग पुढचं काम. दुसऱ्या जातीत खाली चकती फिरते. दांडा ओढला की चार ठिकाणी चार कामं एकदम, आणि दर ओढीला एक तयार काडतूस टपकन बाहेर. मी त्या दुसऱ्याच्या प्रेमात पडले होते. काय देखणं यंत्र होतं ते. पोट्टीलाही तेच हवं होतं, तिच्याकडे वेळ कमी होता. शनिवारी संध्याकाळी बिन महमूदमधल्या सरांच्या फ्लॅटवर व्हिडिओ कॉल लावून आम्ही दोघी एका बाजूला आणि सर दुसऱ्या बाजूला बसलो.

सर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी काकूंना मोठी गोल थाळी आणि चहाचे रिकामे कप मागितले. कप थाळीत गोल मांडले. "बाई, तू साखर घाल. एक चमचा, दरेक कपात. तुझी काकू दूध घालेल. मी थाळी फिरवतो. अन् पोट्टे, तू तिकडून तिच्याशी बोल."

आम्ही सुरुवात केली. थाळी फिरत होती, मी साखर घालत होते, काकू दूध ओतत होत्या, पोट्टी मला माझ्या मुलाच्या शाळेबद्दल विचारत होती. मध्येच दाराची घंटा वाजली. काकू उठल्या, सरांनी थाळी थांबवली, काकू आल्या, थाळी पुन्हा फिरली. मग वरून कोरा चहा ओतला आणि सरांनी फोन जवळ घेऊन एकेक कप प्यायला सुरुवात केली. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. "यात साखर नाही." पुढचा कप त्यांनी चाखला आणि सरळ फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरला. "अन् यात दोनदा आहे. वरून दिसून राहिलं का तुले?"

दिसत नव्हतं. दोन्ही कप अगदी सारखे दिसत होते.

"शिकणाऱ्याले एका वेळी एकच चूक करता आली पाहिजे," सर म्हणाले. "मग ती सापडते. चहात दोनदा साखर पडली तर मी पिऊन घेईन. पुंगळीत पावडर दोनदा पडली तर?"

तिकडे पोट्टी हसायला लागली. चेष्टेचं नव्हे, मनापासून, बराच वेळ. "ओके, बाबा," ती म्हणाली. "साधा प्रेस. यू विन." मी सरांकडे बघितलं तर ते उरलेले सगळे कप पीत सुटले होते, गोड काय आणि अगोड काय, त्यांना आता कशाचाच फरक पडत नव्हता.

मधल्या काळात एकदा आम्ही रास लफानच्या एका प्लांटवरून काम संपवून परत येत होतो. वाटेत अल खोरला गाडी थांबवून समुद्राकडे तोंड करून कडक चहा घेतला. मी अजून त्या फिरत्या चकतीच्या यंत्रावरून सरांना चिडवत होते. त्यांनी चिडवणं ऐकून घेतलं आणि मग एकदम सांगितलं की कारखान्यात त्यांचा एक मित्र होता, चाचणी विभागात. सरांच्या लग्नात वरातीत सगळ्यांत पुढे नाचलेला. तयार काडतुसं झाडून बघायचं त्याचं काम. एका दिवशी घाई होती, कुणीतरी एका पेटीतली पावडर तपासलीच नाही, बरोबर असेल असं धरून चाललं. बंदुकीचा मागचा भाग फुटला. मित्राचा एक डोळा गेला.

"मी त्या पुंगळ्या मोजल्या होत्या. त्या बरोबर होत्या," सर म्हणाले. "पण पुढं कोणी काही मोजलंच नाही." त्यांनी कप चिमट्यानं नव्हे, दोन्ही हातांनी धरला होता. "पोट्टी हुशार आहे, बाई. हुशार लोकांले सगळं बरोबरच वाटते. मले त्याची भीती वाटते."

त्या दिवसानंतर मी यंत्राचा विषय काढला नाही. माझा उत्साह मात्र कमी झाला नाही. उलट आता मलाही ती मुलगी माझीच कुणी असल्यासारखी वाटायला लागली.

उरला होता काटा. पावडरीचं वजन इतकं थोडं असतं की त्याला सराफाच्या जातीचा काटा लागतो. पोट्टीसाठी जो निवडायचा होता त्याच जातीचा एक सरांनी दोह्यातल्या सोन्याच्या बाजारातून आणला, नुसता स्वभाव बघायला. पावडरीच्या जागी काय घ्यायचं? बारीक, वाहणारं, सारख्या दाण्याचं. काकूंच्या डब्यातून राजगिरा आला.

दोह्यात मेपासून ऑक्टोबरपर्यंत कुणी आपण होऊन एसी बंद करत नाही. सरांनी केला. कारण काटा नाचत होता. वरून एसीची झुळूक आली की राजगिऱ्याचं वजन हलायचं, झुळूक थांबली की स्थिर व्हायचं. सरांनी ते बघितलं आणि त्यांना काय करू अन् काय नको असं झालं. एसी बंद, खिडक्या बंद, पंखा बंद. मग चालू. मग बंद. मी घामानं निथळत आकडे वाचत होते, माझा नवरा सोफ्यावर वर्तमानपत्रानं वारा घेत होता आणि सरांनी त्याला ओरडून थांबवलं, कारण त्याच्या वाऱ्यानंही आकडा हलला होता. शेवटी काकू स्वयंपाकघरातून आल्या.

"मले उपासाचे लाडू करायचे होते त्याचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काडतुसं भरून राहिले. एसी लावा, नाहीतर मी जाते नागपूरले. तिथं निदान पंखा तरी लावू देतात लोक."

एसी लागला. पण सरांना हवं ते मिळालं होतं. पोट्टीला दिलेल्या सूचनांमध्ये त्यांनी सगळ्यांत वर हे सांगितलं, आणि पुढच्या प्रत्येक फोनवर पुन्हा सांगितलं. काट्याला हात लावायच्या आधी एसी बंद.

डिसेंबर आला तेव्हा निवड संपली. चष्मा, साधा प्रेस, साचे, पुंगळ्या उभ्या ठेवायचा लाकडी ठोकळा, मापाचं कॅलिपर, नियमांचं जाडजूड पुस्तक, काटा. दोह्याहून प्रत्यक्ष गेली ती एकच वस्तू. एक इवलंसं वजन, मखमलीच्या डबीत. पोट्टीच्या काट्यावर आधी आणि नंतर ठेवायचं ते. सरांनी ते आमच्या लॅबमध्ये स्वतः तपासलं. त्या दिवशी लॅबमध्ये कुणालाही शिंकायची परवानगी नव्हती.

मग अट लागू झाली. सामान पोहोचलं, मांडलं गेलं आणि पोट्टीनं सांगितलं की शनिवारी सकाळी तिच्या शिकवणाऱ्या बाई येऊन पहिली काही काडतुसं बघून जातील, पुढचं ती एकटी करेल. फोन बंद ठेवणार होती. तिकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. काकूंनी मला चारलाच फोन केला. "तू ये, बाई. हे सारखा चहा मागून राहिले अन् पिऊन नाही राहिले."

आम्ही गेलो. बाहेर मस्त गार हवा सुटली होती, खाली बिन महमूदच्या रस्त्यावर लोक पोरंबाळं घेऊन फिरायला निघाले होते, आणि सर आत बसून फोनकडे बघत होते. मी विषय बदलायला म्हणून एक-दोन गोष्टी काढल्या. ते "हो ना" म्हणायचे आणि पुन्हा फोनकडे बघायचे. मला त्यांची इतकी काळजी वाटायला लागली की मीही फोनकडेच बघत बसले. नवरा म्हणाला, "ती ठीक असेल." सरांनी त्याच्याकडे बघितलं, पण त्या दिवशी त्याला "मोजलं का" असं विचारलं नाही.

रात्री उशिरा फोन वाजला तेव्हा सरांनी तो आधी पाडला. मग स्पीकरवर लावला.

"बाबा, आय मेड अ होल बॉक्स," पोट्टी म्हणाली. आवाज दमलेला होता. "सगळे एकदम सुंदर दिसत होते. मग मी शेवटी तुमचं वजन ठेवलं. काटा चुकीचा सांगत होता."

"किती?"

तिनं आकडा सांगितला. मला तो अगदी किरकोळ वाटला. सर उठून उभे राहिले.

"मग?"

"मग काय. सगळे सोडवले. एक पण ठेवला नाही." बसवलेली गोळी परत काढायला एक पोकळ हातोडी असते, काडतूस तिच्यात घालून आपटत बसायचं की गोळी सुटते. उरलेली सकाळ ती ते आपटत बसली होती. "माझा हात तुटायला आलाय, बाबा. शिकवणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, एवढा फरक क्लबात कुणीही चालवून घेतो. पण मला नाही जमलं."

काकू म्हणाल्या, "अव, तू एसी बंद नव्हता केला का?"

"आई, कुठला एसी? इथे बाहेर बर्फ आहे. एसी ऑक्टोबरपासून बंदच आहे. हीटर चालू होता. टेबलाखालीच त्याची जाळी आहे, मध्येच आपोआप सुरू होतो आणि खालून वारा सोडतो."

आमच्या कुणाच्या डोक्यात हीटर आलाच नव्हता. नागपूर, नाशिक, दोहा. आम्हा चौघांच्या अख्ख्या आयुष्यात खोली गरम करणारा हीटर कधी घरात नव्हता. वारा वरून येतो आणि तो गारच असतो, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की सरांनी, ज्यांनी माझ्या नवऱ्याचं वर्तमानपत्रसुद्धा थांबवलं होतं, एकदाही तिला विचारलं नव्हतं की तुझ्याकडे खालून काही येतं का.

मी घाबरून सरांकडे बघितलं. एवढे महिने त्यांनी ज्यासाठी जीव टाकला त्यात चूक निघाली होती, आणि ती त्यांचीच होती. पण सर हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, सोफ्याची पाठ धरून, ते हसत होते. फोन त्यांनी काकूंना दिला आणि मला बाल्कनीत ओढत नेलं.

"ऐकलं का तू? ऐकलं का? मी चुकीचं सांगितलं तिले. ठासून, दर फोनवर, चुकीचं सांगितलं. अन् पोट्टीनं माझ्यावर भरवसा नाही ठेवला. काट्याले विचारलं." त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "बापावर भरवसा नाही ठेवला तिनं. आता मले कायचीच भीती नाही."

रविवारी सकाळी सर लॅबमध्ये पेढ्यांचा मोठा खोका घेऊन आले. आमच्याकडे एक केरळी टेक्निशियन होता, त्यानं पेढा उचलत विचारलं, "क्या सर, डॉटर का शादी?"

"नहीं," सर म्हणाले. "उसने शनिवार को कुछ भी नहीं बनाया." आणि त्याला दुसरा पेढा दिला.

माझ्याकडे आले तेव्हा मी विचारलं, "मग सर, काटा आता कुठे ठेवायचा ते सांगितलंत का तिला? दुसरं टेबल, आडोसा वगैरे?"

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं, मापांसकट, ते मला दिसत होतं.

"मले माहीत आहे कुठं ठेवायचा तो," ते म्हणाले. "पण मी नाही सांगत."